तीन माणसांचा दोर

मी चिडून गेलो होतो आणि चिडूनच परत आलो. मधल्या सहा दिवसांत राग तेवढाच राहिला, ज्यांच्यावर होता ती माणसं मात्र बदलली. त्यांत आता मीही आहे, म्हणून हे लिहून टाकणं भाग आहे.

माझे वडील गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर आहेत, शिशाचे खिळे एकेक करून जुळवतात. मी वाचायला शिकलो तो त्यांनी खिशातून घडी करून आणलेल्या प्रुफांवर. ती प्रुफं बहुतेक पत्रकांची असत. संप, सभा, भाववाढीचा निषेध, बुवाबाजीवर हल्ला, आठ तासांच्या कामाची मागणी. गोष्टींची पुस्तकं पुष्कळ नंतर हातात आली. त्यामुळे एखादी गोष्ट चुकीची दिसली की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो आणि बाकीचं मागाहून दिसतं.

छापखान्यातल्या एका मशीनमनने सांगितलं की मालवणकडच्या त्याच्या गावात यंदा गावपळण आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. तीन दिवस गावात कोणी राहायचं नाही. बाळंतीण असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, बाहेर म्हणजे बाहेर. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा. देव हो म्हणाला तर घरी यायचं, नाहीतर आणखी एक दिवस उघड्यावर.

मी तिथल्या तिथे मथळा ठरवला: 'स्वतंत्र देशात तीन दिवसांची हद्दपारी!' आणि अंधश्रद्धेवरच्या जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा बांधून बोटीत चढलो.

मालवण

मालवणला बोट किनाऱ्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि होडीतून उतरावं लागतं. समोर पाण्यात सिंधुदुर्गाचा तट, आणि होडी दोन्ही बाजूंनी हेलकावे खात असताना होडीवाला शेजारच्या होडीवाल्याला त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारतोय. "जरा लवकर घ्या," मी ओरडलो. ओरडताना उभा राहिलो, आणि पत्रकांचा गठ्ठा समुद्रात पडला.

होडीवाल्याने वल्ह्याने तो काढून दिला. "घाई कोणाक, तुमका की कागदांका?" एवढंच म्हणाला. सगळी होडी हसली.

पुढच्या एस.टी.तही तोच प्रकार. ड्रायव्हरने वाटेत गाडी थांबवून एका म्हातारीचा निरोप तिच्या माहेरच्या घरी पोचवला. परत येऊन सांगितलं, "बरी आसत सगळी." गाडीतल्या कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, तीन वेळा. लोक असे वेळ घालवतात म्हणून हा मुलूख मागे आहे, असं मी मांडीवरच्या वहीत लिहिलं. वही अजून माझ्याकडे आहे आणि ते वाक्य मी खोडलेलं नाही.

तांडेलांचं घर

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे.

मी उतरलो ते मशीनमनच्या चुलतभावाकडे, वासूकडे. वासूचं किराणा दुकान आहे. एस.टी. गावापर्यंत यायला लागल्यापासून ते जोरात चालतं. वासू पहाटे दुकानात जातो, दुपारचं जेवण तिथेच मागवतो आणि रात्री घरी येतो तो झोपायला. घरात त्याची बायको सुनंदा आणि पडवीतल्या खाटेवर त्याचे वडील. गाव त्यांना तांडेलमामा म्हणतं. ते मुंबई ते मलबार शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे नायक, होते. दोन वर्षांपूर्वी होडी वाळूवर ओढताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे ती पडवी.

मी गेलो तेव्हा ते उशीला टेकून नारळाच्या काथ्याचं सुंभ वळत होते. दोन तळहातांत काथ्या घ्यायचा, घासायचा, थोडा पुढे सरकायचा. खाटेखाली सुंभाची वेटोळी रचून ठेवली होती, गुडघ्याएवढी उंच. मला वाटलं, बिचारा वेळ घालवतोय.

सुनंदाने उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा आणून दिला. मी उभ्यानेच पेल्याला तोंड लावलं आणि जीभ भाजली.

"मुंबयसून इलंस मा? मगे बस," तांडेलमामा म्हणाले. "उभ्यान कित्याक पितंस?"

"मला जरा घाई आहे."

"खंयची?"

मी पेजेवर फुंकर घालू लागलो.

"फुंकूची नाय रे झिला. ती आपल्याआप निवता. तवसर बस."

मी बसलो नाही. मला गाव बघायचा होता, मानकऱ्यांना जाब विचारायचा होता, आणि सर्वांत आधी या मोडलेल्या खुब्याच्या माणसाला खाटेसकट उचलून माळावर नेण्याचा रानटी प्रकार थांबवायचा होता.

तो मी थांबवला. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे दोन खाटांची सोय होती. मी चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं. वासूला सांगितलं तेव्हा तो तराजू हातात घेऊनच म्हणाला, "बरां झाला. तुमी शिकलेली माणसां, तुमकाच सुचतला." मला वाटलं, गावात एक तरी विचारी माणूस निघाला.

गाव निघायच्या आदल्या दिवशी बैलगाडी दारात आली. तांडेलमामांनी खाटेची कड घट्ट धरली.

"माका खंय न्हेतास? ह्या पळणीत दोर वळूया म्हणान वासू सांगलेलो माका. दोन वर्सां सुंभ वळतंय मी. आता तीन दिस गावले तर दवाखान्यात घालतास?"

"मामा, घाबरू नका," मी म्हणालो. "देव काही करत नाही."

"देवाचा कोण सांगता हा तुका? मी दोराचा सांगतंय!"

त्यांनी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ते ऐकलं, आणि म्हातारपणाची बडबड म्हणून सोडून दिलं. एका माणसाला रूढीच्या तावडीतून सोडवल्याच्या आनंदात मी गाडीवानाला हात केला.

खाडीपलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात ढोल वाजला आणि गाव निघाला. मी वही उघडून वाटेवर उभा होतो. डालग्यांतल्या कोंबड्या, डोक्यावरची भांडी, दोरीला धरलेल्या म्हशी, काखेतली मांजरं. एक बाई आपल्या जात्याकडे पुन्हा पुन्हा वळून बघत होती. मला रडारड दिसेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. पण मला हवं होतं तेच मी लिहीत राहिलो: 'असहाय जनता', 'मुकी गुरं'.

खाडी ओलांडून माळावर पोचल्यावर नारळाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत चुली पेटल्या. मग असं काही झालं की माझ्या वहीत त्याला जागाच नव्हती: लोक बसले.

नुसते बसले. दुकान नव्हतं, सारवायला अंगण नव्हतं, शिंपायला माड नव्हते. बायका ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, घेऊन आल्या. एकेका शिंपल्यातून नखाएवढं मांस काढत, रस्सा चोखत लोक दीड तास जेवले. आमच्या चाळीत जेवण म्हणजे ताटात बघून उरकायची गोष्ट, कारण पुढच्या माणसाला पाट रिकामा करून द्यायचा असतो. इथे तिसऱ्या घाईने खाताच येत नाहीत. मी प्रयत्न केला आणि शिंपल्याने ओठ कापून घेतला.

"भाऊनू, ती पळाची नाय," सुनंदा म्हणाली. "मेलेली आसत ती."

तेवढ्यात वासू पिशवी घेऊन निघाला. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "कोल्हापुराक. माल भरूचो आसा. बाबा दवाखान्यात, दुकान बंद, मगे हय बसान काय करू?" आणि एस.टी.च्या रस्त्याकडे जवळजवळ धावतच गेला.

सुनंदा शिंपले गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता बरां झाला मा तुमका? मामंजी थंय, हे कोल्हापुराक. माझ्या वांगडा कोण? कोंबडी."

मग तिने सांगितलं. या घराच्या विहिरीचा दोर दर गावपळणीत नवा वळला जातो. तांडेलमामांनी तो आपल्या वडिलांबरोबर वळला, नंतर वासूबरोबर. दोर वळायला तीन माणसं लागतात, तीही पूर्ण रिकामी. गेले वर्षभर विहिरीला बाजारातला विकतचा दोर होता. म्हातारा तो बघून रोज तोंड फिरवायचा आणि सुंभ वळत दिवस मोजायचा. त्याच्या मुलाला त्याच्याजवळ बसायला दोन वर्षांत एकदाही वेळ झालेला नव्हता.

"दुकान बंद करूक देव लागता त्यांका," ती म्हणाली. "माणूस सांगान बंद होणा नाय."

मला संताप आला. देवाचा आला नाही, तो मी मानत नाही, आजही मानत नाही. राग आला तो या गोष्टीचा की मुलाने बापाजवळ बसावं म्हणून सबंध गाव रिकामा करावा लागतो, आणि तेवढं करूनही एक मुंबईकर चिठ्ठी लिहून ते मोडून टाकू शकतो. मी कोणाला सोडवलं होतं? वासूला, त्याच्या बापापासून.

डॉक्टरांकडे आणि परत

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या गावी गेलो. डॉक्टर सज्जन होते, पण त्यांच्या टेबलावर घड्याळ होतं आणि बोलताना ते त्याच्याशीच बोलत होते. पेशंटला हलवायला हरकत नाही, फक्त धक्के बसू देऊ नका, एवढं त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. तांडेलमामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. हात उशीखाली होते. त्या हातांना काही काम नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मामा, चुकलो," मी म्हणालो.

त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं. बैलगाडीत गवत पसरून त्यांना खाडीपर्यंत आणलं. खाडीवर होडीत गोधडीवर निजवलं. होडी पाण्याला लागल्यावर त्यांनी एक हात बाहेर काढून पाण्यात सोडला. होडीवाला त्यांना ओळखत होता. तो हात पाण्यात जास्त वेळ राहावा म्हणून त्याने वल्हं हळू केलं. मी घाई करा म्हणालो नाही. एवढं तरी शिकलो होतो.

हात पाण्यातच ठेवून ते म्हणाले, "तुझो बापूस काय करता?"

"छापखान्यात खिळे जुळवतात."

"बसान की उभ्यान?"

"उभ्यानं."

"तुझ्या वांगडा जेवता कधी?"

मी आठवून पाहिलं. बाबा येतात तेव्हा मी सभेत असतो. मी येतो तेव्हा ते झोपलेले असतात, बोटांना शाई तशीच. रविवारी जादा काम असतं. शेवटचं एकत्र जेवायला कधी बसलो ते मला खरंच आठवेना.

"आमच्या वेळा जमत नाहीत," मी म्हणालो.

"आणि माझ्या झिलाच्या घरात शानपण शिकवूक इलंस?"

होडीवाला खाकरला. मी पाण्याकडे बघितलं.

दोर

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कामाला लावलं. घरातली सुंभाची वेटोळी सुनंदाने गाव सोडताना भांड्यांच्या आधी बाहेर काढली होती, कोणी न सांगता. सुंभं एकत्र पिळून तीन पेड तयार केले. मग ते माळावर लांब ताणले. एका टोकाला तांडेलमामा, उशांना टेकून, हातात लाकडी मूठ. दुसऱ्या टोकाला सुनंदा, तशीच मूठ घेऊन. दोघांनी उलट दिशांनी पिळायचं. मध्ये तीन खाचा पाडलेला एक लाकडी ठोकळा असतो, तिन्ही पेड त्याच्या खाचांतून जातात आणि त्याच्यामागे एकत्र येऊन त्यांचा दोर होतो. ठोकळा धरायचं काम माझं.

सोपं दिसलं. मी ठोकळा पुढे ढकलला आणि भराभर चालू लागलो. दहा हातांवर दोर गुंतला, त्याला कुबडं आली.

"सोड. उकल."

"किती?"

"जंयसून चुकलंस थंयसून."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. आजूबाजूला माणसं जमली होती. "पेपरवाल्यानू, दोर वळतास की गाडी पकडतास?" कोणीतरी म्हणालं, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"आयक," तांडेलमामा म्हणाले. "ठोकळो ढकलूचो नाय. मागसून दोर होता तोच तेका ढकलता. तू फक्त धर."

मी फक्त धरला. हे जगातलं सर्वांत कठीण काम आहे. दोन्हीकडून पीळ येत राहतो, हाताखाली तिन्ही पेड थरथरतात, आणि मग ठोकळा आपोआप एक बोटभर पुढे सरकतो. त्या बोटभर वेळात दुसरं काहीही करता येत नाही. मथळा सुचत नाही. मी खाडीचं पाणी चढताना बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणजे ते किती सावकाश चढतं ते.

दुपारी वासू आला. हमालाच्या डोक्यावर दोन गोणी, त्याच्या स्वतःच्या हातात तिसरी. खोपीपाशी येऊन थबकला.

"बाबा? तू हय?"

"लवकर इलंस," तांडेलमामा मूठ फिरवतच म्हणाले. "तिसऱ्याच दिसाक."

"माल घरात ठेवूचो होतो..."

"घर बंद आसा. देवाक जाऊन सांग, माझो माल इलो म्हणान."

माळभर हशा पिकला. वासूने गोणी खाली ठेवली. सुनंदाने आपल्या हातातली मूठ त्याच्यापुढे धरली. तो एकदा गोणींकडे, एकदा बापाकडे बघत तिथे उभा राहिला. मग त्याने चपला काढल्या आणि मूठ घेतली. सुनंदा माझ्याकडे आली आणि ठोकळा मागितला. घरची तीन माणसं झाली होती. मी बाजूला झालो.

सुरुवातीला वासूचा हात धावत होता. बाप दुसऱ्या टोकाला थांबायचा, आणि त्याने पीळ थांबवला की वासूला कळायचं. तासाभराने दोघांचे हात एका चालीने फिरू लागले. तेव्हा ते बोलू लागले. गलबताबद्दल, मेलेल्या कोणा माणसाबद्दल, माडाला लागलेल्या किड्याबद्दल. मी ऐकलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. ऊन उतरलं तेव्हा दोर अर्धा झाला होता. त्यांनी टोकं दोन झाडांना बांधून ठेवली.

चौथी सकाळ

उजाडल्याबरोबर मानकरी कौल घ्यायला देवळाकडे गेले. कौल झाला की देवळात ढोल वाजणार आणि गाव परत निघणार. लोकांनी भांडी बांधली, कोंबड्या डालग्यांत घातल्या आणि गाठोड्यांवर बसून राहिले. तांडेलांच्या खोपीपुढे दोर पुन्हा चालू झाला होता. अजून तिसरा हिस्सा उरला होता.

आणि मी, ज्याने कौल या प्रकारावर दोन पत्रकं लिहिली आहेत, खाडीच्या काठावर उभा राहून मनात म्हणत होतो: वाजू नकोस. आणखी एक दिवस. फक्त एक.

ढोल वाजला.

"वाजलो! वाजलो!" माळ उठला. म्हशी ओढल्या गेल्या, पोरं पाण्याकडे धावली. जाताजाता एक माणूस ओरडला, "वासू, चल रे! दुकान उघड, माका चायची पावडर व्हयी!"

वासूचा हात थांबला. त्याने गोणींकडे पाहिलं. दोर झाडाला बांधून ठेवता आला असता, काल बांधलाच होता. तांडेलमामांनी मूठ धरून ठेवली होती. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते दोराकडे बघत होते.

"पावडर दुपारी गावतली," वासू म्हणाला. "बाबा, फिरव."

सगळा गाव खाडी ओलांडून गेला. रिकाम्या माळावर राखेच्या चुली, मोडक्या खोपी, आणि तीन माणसं. देवाने परवानगी दिल्यानंतरही ती सकाळभर तिथेच होती. त्या सकाळी त्यांना कोणत्याही देवाने थांबवलेलं नव्हतं.

गिरगाव

भिजलेली पत्रकं मी तिथेच सुनंदाला चूल पेटवायला दिली. ठरवलेला मथळाही गेला. राग गेलेला नाही.

आम्ही आठ तासांच्या कामाची मागणी करणारी किती पत्रकं काढली! ती सगळी बाबांनी जुळवली, बारा बारा तास उभं राहून, आम्हाला सभेआधी हवीत म्हणून. रात्री प्रुफं मागायला छापखान्यात जाणारा मीच होतो. "लवकर करा बाबा" हे वाक्य मी त्यांना जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा "बसा" म्हटलेलं नाही. कामगाराच्या हक्कासाठी मी रस्त्यावर घसा फोडतो आणि माझ्याच घरातला कामगार छापखान्यात उभ्याने जेवतो. दुसऱ्याच्या गावात जाऊन मी ढोलाला नावं ठेवली. आमच्या गिरगावात तर ढोलही नाही. आमची दुकानं, आमचे छापखाने, आमच्या सभा कोणीच बंद करत नाही. ते आपणच करायचं आहे, आणि त्याला देव लागत नाही, हे मला त्या मालवणी किराणा दुकानदाराने दाखवलं, ज्याला मी आधी विचारी समजलो आणि मग निर्दय.

हा मजकूर ज्या अंकात येईल तो बाबांच्याच छापखान्यात निघतो. हाताने लिहिलेलं माझं अक्षर तिथे फक्त त्यांनाच लागतं, म्हणजे हे त्यांच्याच हातून जुळणार. म्हणून वाचकांची माफी मागून शेवटच्या ओळी त्यांच्यासाठी लिहितो.

बाबा, इथपर्यंत खिळे जुळवलेत ना? आता ते खाली ठेवा. अंक एक दिवस उशिरा निघाला तर चालेल, संपादकांना मी सांगून आलो आहे. बाजारात तिसऱ्या मिळाल्या, आईने त्या चुलीवर घातल्या आहेत, आणि त्या घाईने खाता येत नाहीत. मी खाली दारात उभा आहे. हात धुऊन या.